स्टीम डेक आणि इतर लिनक्स हँडहेल्डसाठी स्वतःचा गेम पॅक कसा करावा?

खारुताई

नमस्कार मंडळी. गोडो ४ या गेम बनवायच्या इंजिनात मी एक छोटा मराठी गेम केला आहे. पडद्यावर अक्षरांच्या फरश्या येतात, त्या जुळवून शब्द लावायचा. माझ्या उबुंटूवर व्यवस्थित चालतो. आता तो मुलांच्या हातात द्यायचा आहे. एक भाचा जर्मनीत असतो, त्याच्याकडे स्टीम डेक, म्हणजे वाल्व्हचा लिनक्सवर चालणारा हातातला गेमिंग संगणक, आहे. आणि आमच्या सोसायटीतल्या काही मुलांकडे अँबर्निकचा आरजी३५एक्सएक्स एच हा छोटा हँडहेल्ड आहे, त्यात पोर्टमास्टर (लिनक्स हँडहेल्डवर गेम बसवून चालवणारे साधन) घातलेले आहे.

गोडोने मला एक चालवायची फाइल आणि एक पीसीके फाइल काढून दिली. इथून पुढे अडले आहे. डेकसाठी फ्लॅटपॅक (दुकानातून बसणारे पॅकेज) करू, अ‍ॅपइमेज (सगळे एकाच फाइलीत) करू की सरळ झिप पाठवू? दोन्ही यंत्रांना एकच पॅकेज चालेल का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मी महिन्याभराने नवीन शब्द घालून पुढची आवृत्ती दिली तर मुलांनी जमवलेले गुण उडता कामा नयेत.

घेणाऱ्यांपैकी कोणीही टर्मिनल उघडणार नाही, हे धरूनच सांगा.

कोल्हापुरी_कर्नल

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण ते छोटे आहे. एकच पॅकेज चालणार नाही. डेकमध्ये एएमडीचा झेन २ प्रोसेसर आहे, म्हणजे साधा एक्स८६-६४. आरजी३५एक्सएक्स एच मध्ये ऑलविनरची एच७०० चिप आहे, म्हणजे एआरएम. चालवायची फाइल दोन्हीकडे वेगळी लागणार. पण पीसीके फाइल, ज्यात तुमची चित्रे, आवाज, शब्दसूची सगळे असते, ती दोन्हीकडे तीच चालू शकते. तेव्हा गेम एक, वेष्टने दोन असे समजा.

आता डेक. त्याची सिस्टम स्टीमओएस ३ ही आर्च लिनक्सवर उभी आहे, त्यामुळे आर्च वापरणारा माणूस पहिल्यांदा पॅकमनकडे, म्हणजे आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेकडेच जातो. ते इथे करू नये. डेकवर सिस्टमची दोन पार्टिशने असतात, अ आणि ब. तुम्ही एकावर चालत असता, अपडेट दुसऱ्यावर अख्खे नवे लिहिले जाते, आणि पुन्हा सुरू केल्यावर डेक तिकडे उडी मारतो. म्हणून रूट पार्टिशन रीड-ओन्ली ठेवलेले आहे. कुलूप काढायची आज्ञा आहे, त्यानंतर पॅकमन चालतोही, पण तिथे घातलेले पुढच्या अपडेटबरोबर जाते. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकण्यासारखे आहे ते, मालक रंग काढायला आला की खिळाही जातो आणि फ्रेमही.

होम, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइलींची जागा, मात्र वेगळ्या पार्टिशनवर आहे आणि अपडेट त्याला हात लावत नाही. तुमचा गेम होममध्येच राहायला हवा. फ्लॅटपॅक, अ‍ॅपइमेज, झिप हे तिन्ही तिथे राहू शकतात, म्हणजे भांडण या तिघांतच आहे.

रात्रपाळी

भांडण कसले, फ्लॅटपॅक. डेकच्या डेस्कटॉप मोडमध्ये डिस्कव्हर नावाचे दुकान आहे, ते फ्लॅथबला, म्हणजे फ्लॅटपॅकच्या भांडाराला, जोडलेलेच येते. भाच्याने नाव शोधायचे, इन्स्टॉल दाबायचे, झाले. अपडेटही तिथूनच.

लगेच फ्लॅथबवर टाकायचे नसेल तर एकच बंडल फाइल काढता येते. फ्लॅटपॅकमध्ये बिल्ड-बंडल म्हणून आज्ञा आहे. ती फाइल मेलने किंवा ड्राइव्हवरून पाठवा, डबल क्लिक केली की डिस्कव्हर उघडते. बंडल काढताना रनटाइम (गेमला लागणाऱ्या सामायिक लायब्ररी) कुठून घ्यायचे तो फ्लॅथबचा पत्ता आत लिहून द्या, म्हणजे जे कमी असेल ते आपोआप उतरेल.

मॅनिफेस्ट, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे ते सांगणारी फाइल, घाबरण्यासारखे नसते. गोडोची फाइल आधीच तयार आहे, त्यामुळे काही कंपाइल करायचे नाही, नुसत्या फाइली जागेवर ठेवायच्या. परवानग्या मोजक्याच द्या: खिडकीसाठी वेलँड आणि एक्स११, ग्राफिक्ससाठी डीआरआय, आवाजासाठी पल्सऑडिओ, आणि गेमपॅड. इंटरनेट लागत नसेल तर ती परवानगी देऊच नका. मुलांच्या गेमला नेटची परवानगी नाही हे आईवडिलांना दिसले की त्यांनाही बरे वाटते.

चिंचोका

रात्रपाळी, तुझे म्हणणे फ्लॅथबवर टाकायचे असेल तर बरोबर. पण एका भाच्यासाठी? शब्दांचा गेम, तो असेल शंभर एमबीच्या आत. त्यासाठी शेकडो एमबीचे रनटाइम उतरवायचे. ज्याचा डेक ६४ जीबीवाला आहे त्याच्याकडे जागा किती उरते ते बघितले आहेस का?

अ‍ॅपइमेज एक फाइल असते. आत स्क्वॉशएफएस, म्हणजे दाबून भरलेले फोल्डर, वर ते उघडणारा छोटा रनटाइम. डबल क्लिक करा, चालते. नको असेल तर फाइल काढून टाका, संपले. इम्यूडेकसारखे प्रकल्प डेकवर कितीतरी एम्युलेटर अ‍ॅपइमेज म्हणूनच बसवतात, ते काही उगाच नाही.

रात्रपाळी

रनटाइम एकदाच उतरते आणि सगळे फ्लॅटपॅक ते वाटून घेतात. भाच्याने डेकवर दुसरा ब्राउझर किंवा गप्पांचे अ‍ॅप डिस्कव्हरमधून घातले असेल तर बहुतेक तेच रनटाइम आधीच पडलेले असणार, फक्त आवृत्ती जुळायला हवी.

आणि अ‍ॅपइमेजची खरी अडचण सांगायची राहिली. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलीला एक्झिक्युटेबल बिट, म्हणजे 'ही चालवता येते' अशी खूण, नसतो. मग प्रॉपर्टीज, परमिशन्स, तिथे खूण करा. टर्मिनल न उघडणाऱ्या माणसाला हे फोनवर सांगून बघ.

चिंचोका

त्याला साधा उपाय आहे. अ‍ॅपइमेज टार-जीझेड या झिपसारख्या गठ्ठ्यात घालून पाठवायची. टारमध्ये बिट टिकतो. झिपमध्ये लिनक्सवर केली तर टिकतो, विंडोजवर केलेल्या झिपमध्ये तो नसतोच. खारुताई, तुम्ही उबुंटूवर आहात, तेव्हा टारच करा आणि पाठवायच्या आधी स्वतः दुसऱ्या फोल्डरात उलगडून डबल क्लिक करून बघा.

मिरजेचा_तानपुरा

वाचतोय. माझ्याकडे यातले एकही यंत्र नाही, तरी धागा सोडवत नाही. वाखु (वाचनखूण) साठवली.

जुना_पँडोरावाला

तुमचे फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज ऐकताना मला राहवत नाही. या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर एका हँडहेल्डने २०१० सालीच देऊन ठेवले होते. ओपनपँडोरा. थोडे सविस्तर लिहितो, कारण खारुताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे.

त्याच्याही आधी २००५ मध्ये कोरियातून जीपी२एक्स आला होता. लिनक्सवर चालणारा, ६४ एमबी रॅम. त्यात पॅकेज असा प्रकारच नव्हता. मेमरी कार्डावर फोल्डर टाकायचे, त्यात जीपीई शेवट असलेली फाइल, मेनूतून ती निवडायची. गेम संपल्यावर मेनू परत आणायची जबाबदारीसुद्धा गेमची. कित्येक गेमांबरोबर एक छोटी स्क्रिप्ट असायची, तिच्या शेवटच्या ओळीचे काम एवढेच, की मेनू पुन्हा सुरू करणे.

पँडोरा हे पुढचे पाऊल. खिशात मावेल असे उघडझाप करणारे यंत्र, आत पूर्ण कीबोर्ड, ८०० बाय ४८० चा टचस्क्रीन, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप३५३० चिप, सुरुवातीला २५६ एमबी रॅम, एसडी कार्डाच्या दोन खाचा. आतली साठवण होती ५१२ एमबी, म्हणजे सिस्टम मावली की संपली. गेम कार्डावरच ठेवणे भाग होते. कार्ड कधीही काढले जाणार, दुसऱ्या पँडोरात घातले जाणार. कार्ड काढल्यावर अर्धे-मुर्धे इन्स्टॉल मागे राहता कामा नये. या एका अटीतून पीएनडी जन्माला आली.

पीएनडी म्हणजे एक फाइल. आत स्क्वॉशएफएसची प्रतिमा, तिच्या शेपटाला पीएक्सएमएल नावाची माहिती जोडलेली, आणि त्याच्याही मागे आयकॉनचे चित्र चिकटवलेले. माहिती शेवटी असल्यामुळे यंत्राला अख्खी प्रतिमा उघडावी लागत नसे, फाइलीचे शेपूट वाचले की नाव, आयकॉन, कोणता प्रोग्रॅम चालवायचा हे कळायचे. कार्डावर पँडोरा नावाचे फोल्डर, त्यात मेनू आणि डेस्कटॉप अशी उपफोल्डरे. फाइल मेनूत टाकली की मेनूत दिसणार, डेस्कटॉपमध्ये टाकली की डेस्कटॉपवर. इन्स्टॉल नावाची पायरीच नाही.

आणि खरी कमाल पुढे आहे. गेम सुरू केला की ती प्रतिमा माउंट व्हायची आणि तिच्यावर एयूएफएसने (एका फोल्डरावर दुसरे चढवणारी सोय) दुसरा एक थर चढायचा, कार्डावरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरचा. गेमला वाटायचे आपण आपल्याच फोल्डरात लिहितो आहोत. प्रत्यक्षात पीएनडी जशीच्या तशी राहायची, आणि लिहिलेले सगळे अ‍ॅपडेटात त्या गेमच्या ओळखनावाखाली जमायचे. नवीन आवृत्ती आली की जुनी पीएनडी काढायची, नवी ठेवायची. सेव्ह जागच्या जागी. सेव्ह दुसऱ्याला द्यायची तर तेवढे फोल्डर उचलायचे.

ज्या गेमांच्या मूळ लेखकांना पँडोरा नावाचे यंत्र आहे हेही ठाऊक नव्हते, ते गेम न बदलता असे बसत होते. मला अजूनही हे हँडहेल्डसाठी केलेले सर्वांत समंजस पॅकेज वाटते.

निळावंती

काय सुरेख लिहिलेत. एक शंका. त्यात लायब्ररींचे काय? दोन गेमांना एकच लायब्ररी लागली तर?

जुना_पँडोरावाला

प्रत्येक पीएनडी आपापली प्रत घेऊन फिरायची. जागा जास्त जायची हे खरे. फ्लॅटपॅकने रनटाइम वाटून घेण्याचा मार्ग काढला तो याच अडचणीवर, म्हणून रात्रपाळींचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. पण कार्डावर जागा स्वस्त होती आणि 'अमुक लायब्ररी सापडत नाही' ही तक्रार कमी यायची.

त्यानंतर जीसीडब्ल्यू झीरो हा हँडहेल्ड आला, २०१३ ची किकस्टार्टर मोहीम. त्याच्या ओपनडिंगक्स या सिस्टममध्ये ओपीके नावाचा प्रकार होता. तोही स्क्वॉशएफएस, पण माहिती शेपटाला न लावता आतच डेस्कटॉप फाइल म्हणून ठेवलेली. कोणत्या यंत्रासाठी ते फाइलीच्या नावातच. वरचा लिहिता थर मात्र त्यांनी घेतला नाही, गेमने सेव्ह होममध्ये लिहावी अशी अपेक्षा. पुढे अँबर्निकच्या आरजी३५० वरही हेच ओपीके चालले. पँडोराचा वारस पायरा डेबियनवर चालतो.

कोल्हापुरी_कर्नल

जुना_पँडोरावाला, दंडवत घ्या.

यातून खारुताईंसाठी काय निघते ते सांगतो. गेम एका जागी, सेव्ह दुसऱ्या जागी, आणि दोघांना बांधणारे ओळखनाव कधीही न बदलणारे. गोडो सेव्ह लिहितो ती एक्सडीजी डेटा होम नावाच्या जागेत. साध्या लिनक्सवर ती होममधल्या लपलेल्या लोकल-शेअर फोल्डरात. फ्लॅटपॅकमध्ये तोच पत्ता बदलून होममधल्या लपलेल्या व्हार फोल्डरात, तुमच्या अ‍ॅपच्या ओळखनावाखाली जातो. पोर्टमास्टरच्या स्क्रिप्टमध्ये आपण स्वतःच तो पत्ता पोर्टच्या फोल्डरातल्या कॉन्फ फोल्डराकडे वळवतो. तिन्हीकडे गेमचा कोड एकच, फक्त बाहेरचा पत्ता वेगळा.

दोन ठिकाणी जपा. गोडो सेव्हच्या फोल्डराला प्रकल्पाच्या नावावरून नाव देतो. उद्या तुम्ही गेमचे नाव बदललेत तर फोल्डर बदलेल आणि मुलांना शून्यापासून सुरुवात दिसेल. सेटिंगमध्ये स्वतःचे युजर फोल्डर ठरवायची सोय आहे, ती आजच लावा. आणि भाच्याला एकदा फ्लॅटपॅक, मग अ‍ॅपइमेज, असे आलटून पालटून देऊ नका. दोन्हींच्या सेव्ह वेगळ्या जागी असतात, आपोआप हलत नाहीत.

निळावंती

आता मी थोडा वेगळा पण याच गेमपुरता फार मोठा मुद्दा मांडते. खारुताई, तुम्ही गोडो ४ म्हणालात म्हणून हायसे वाटले. गोडो ३ मध्ये देवनागरी जुळतच नाही. अक्षरे एकामागून एक कोडच्या क्रमाने काढली जातात. 'किल्ला' लिहिले की वेलांटी क च्या नंतर येऊन पडते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. गोडो ४.० पासून, म्हणजे २०२३ पासून, आत हार्फबझ हे अक्षरे जुळवणारे साधन आले आणि जोडाक्षरे नीट जुळू लागली.

पोर्टमास्टरवर मात्र गोडोचे जे जुने, भरपूर वापरात असलेले रनटाइम आहे ते एफआरटी, आणि ते गोडो ३ चे. कोणी 'सोपे पडेल' म्हणून तुम्हाला गेम गोडो ३ मध्ये उतरवायला सांगेल. कृपा करून करू नका. वेस्टनपॅक नावाचे रनटाइम वापरून गोडो ४ चे गेमही तिथे चालवले जातात. गोडोचा रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) कॉम्पॅटिबिलिटी ठेवा, कारण तो ओपनजीएल ईएसवर, म्हणजे अशा छोट्या यंत्रांच्या ग्राफिक्स प्रणालीवर, चालतो. फॉरवर्ड प्लस या दुसऱ्या रेंडररला व्हल्कन ही वेगळी ग्राफिक्स प्रणाली लागते.

लव्ह या दुसऱ्या इंजिनात गेम करणाऱ्यांनीही हे बघावे. त्याच्या ११ मालिकेत जोडाक्षरे जुळत नाहीत.

गोंयकार

निळावंती, आमचे कोकणीचेही हेच दुखणे. मी एका हँडहेल्डवर कोकणी पाढ्यांचा गेम करताना शेवटी सगळे शब्द आधीच चित्रे म्हणून काढून ठेवले. शब्द ठरलेले असतील तर हा मार्ग कुठल्याही इंजिनात चालतो. मायबाप फॉन्ट रेंडररवर अवलंबून राहायला नको.

निळावंती

पाढ्यांना चालेल, पण यांच्या गेममध्ये अक्षरे वेगवेगळी येऊन जुळायची आहेत ना? तिथे चित्रांची संख्या आवरणार नाही.

फरश्यांवरून आठवले. शब्द तोडताना युनिकोडच्या एकेका चिन्हावर तोडू नका, नाहीतर एका फरशीवर नुसता उकार येईल. 'दऱ्याखोऱ्या' या शब्दात ऱ्या ही एक फरशी व्हायला हवी, तिच्या आत चार चिन्हे असली तरी. 'लक्ष्मी'त क्ष्मी एक फरशी. गोडोच्या टेक्स्ट सर्व्हरकडून अक्षरसीमा विचारता येतात, पण जोडाक्षरांच्या बाबतीत ती यादी आपल्या मनासारखी येते का हे तुमच्या शब्दसूचीवर चालवून बघा. मी तर म्हणेन, सूची तयार करतानाच शब्दात फरशीच्या जागी उभी रेघ घालून ठेवा. मुलांना अक्षर कुठे तुटते ते माणसाने ठरवावे.

आणि लेबलची भाषा मराठी म्हणून लावा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. ज्या फॉन्टात दोन्ही रूपे आहेत तो भाषा बघूनच मराठी रूप देतो. शाळेत शिकवलेला ल आणि गेममधला ल वेगळा दिसला की पहिली-दुसरीतले मूल अडखळते.

खारुताई

निळावंती, ऱ्या च्या फरशीने माझा किती वेळ खाल्ला होता! उभ्या रेघेची कल्पना फार आवडली, सूची आजच तशी करायला घेते. फॉन्ट कुठला बरोबर द्यावा? मुलांच्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट असेलच असे नाही ना?

निळावंती

असेल असे धरूच नका, पॅकेजमध्येच घाला. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता छान वाचता येतो, बलू गोलसर आहे म्हणून मुलांना आवडेल. नोटो सॅन्स देवनागरीही आहे. तिन्ही ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, गेमबरोबर वाटायला मोकळे. फक्त परवान्याची मजकूरफाइल सोबत ठेवायची.

गोंयकार

आकाराचेही बघा. डेकचा पडदा १२८० बाय ८००, आरजी३५एक्सएक्स एच चा ६४० बाय ४८०. प्रमाणही वेगळे, एक रुंद, एक चौकोनी. गोडोत स्ट्रेच कॅन्व्हास आयटम्सवर ठेवा आणि फरश्या कंटेनरमध्ये मांडा, म्हणजे दोन्हीकडे जागा धरतील. वाल्व्ह डेकसाठी गेम तपासते तेव्हा सर्वांत लहान अक्षर ९ पिक्सेलांच्या खाली नको असे सांगते. ते रोमन डोळ्यासमोर ठेवून. वर मात्रा-रफार आणि खाली उकार असलेल्या आपल्या अक्षराला त्याच्या दुप्पट तरी द्या.

चिंचोका

अवांतर, पण धाग्यावर सी++ वाले असतील तर त्यांच्यासाठी. स्वतः कंपाइल करत असाल तर नव्याकोऱ्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या आवृत्तीवर) करू नका. तिथे जोडली गेलेली जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) नवी असते आणि जुन्या फर्मवेअरवर फाइल सुरूच होत नाही, '२.३४ सापडली नाही' असा संदेश देऊन थांबते. नेमका २.३४ हाच आकडा वारंवार दिसतो, कारण त्या आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मूळ लायब्ररीत विलीन केली गेली. जुन्यावर बांधलेले नव्यावर चालते, उलट नाही. एआरएम हँडहेल्डच्या फर्मवेअरांत तर आवृत्त्यांचा फारच फरक असतो.

रात्रपाळी

+१. स्टीमचे स्वतःचे लिनक्स रनटाइम याच कारणासाठी आहे. त्यातले स्निपर डेबियन ११ वर आधारलेले. त्या कंटेनरमध्ये बांधलेला गेम डेकवर आणि इतर बहुतेक डिस्ट्रोंवर चालतो. खारुताईंना मात्र याची गरज नाही, गोडोची तयार टेम्प्लेट्स जुन्या जीलिबसीवर चालतील अशीच बांधलेली असतात.

अनामिका_आर्च

उशिरा आले. पॅकमनबद्दल वर जे लिहिले आहे त्याला एक पुरवणी. डेकवरच बसून काही बांधायचे असेल तरी कुलूप काढायची गरज नाही. स्टीमओएस ३.५ पासून डिस्ट्रोबॉक्स आणि पॉडमन ही कंटेनर उभे करायची साधने आतच येतात. आपल्याला हवे ते आर्च किंवा डेबियन कंटेनरमध्ये उभे करायचे, ते सगळे होममध्ये राहते आणि अपडेटमधून वाचते.

दुसरी गोष्ट जरा कळकळीने लिहिते. नेटवर डेकसाठी 'ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा' असे उपाय पदोपदी दिसतात, आणि ती ओळ परमाधिकार मागते. लहान मुलांच्या यंत्रावर हे करायला शिकवू नये. खारुताई, तुमचा गेम पासवर्ड न मागता बसला पाहिजे. डेक वापरणाऱ्याला सुरुवातीला पासवर्ड दिलेलाच नसतो, आणि भाच्याला तो कधी लावावा लागला नाही तर उत्तमच.

कोल्हापुरी_कर्नल

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

खारुताई

सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे उमगले ते लिहिते, चुकत असेल तर थांबवा. भाच्याला टार-जीझेडमध्ये अ‍ॅपइमेज. सोसायटीतल्या मुलांना पोर्टमास्टरच्या रचनेत झिप. शब्दसूची, फॉन्ट आणि चित्रे पीसीकेमध्ये एकच.

दोन शंका उरल्या. भाच्याला गेम प्रत्येक वेळी डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन उघडावा लागेल का? आणि पोर्टमास्टरच्या झिपमध्ये नेमके काय काय घालायचे?

चिंचोका

पहिलीचे उत्तर: नाही. डेस्कटॉप मोडमध्ये एकदाच फाइलीवर उजवी क्लिक करून 'स्टीममध्ये घाला' म्हणायचे. मग गेमिंग मोडमध्ये तो स्टीमबाहेरच्या गेमांच्या यादीत दिसतो, आणि स्टीम इनपुट बटणांची काळजी घेते. म्हणून फाइल आधी कायमच्या जागी ठेवायला सांगा, डाउनलोड्समध्ये नको. आणि नवी आवृत्ती देताना फाइलीचे नाव तेच ठेवा, नावात आवृत्तीचा आकडा घातला की स्टीममधला दुवा तुटतो. स्टीमबाहेरच्या गेमांच्या सेव्ह स्टीम क्लाउडवर जात नाहीत, एवढे भाच्याच्या कानावर घाला.

रात्रपाळी

अ‍ॅपइमेजला माझा विरोध मागे घेतो, एका भाच्यापुरता. पण ताई, गेम चांगला झाला तर तो फ्लॅथबवर टाकायचा विचार ठेवा. मराठी मुलांसाठी तिथे फार थोडे आहे. त्यासाठी अ‍ॅपची माहिती देणारी मेटाइन्फो फाइल, चित्रे, परवाना आणि ओळखनाव लागते, आणि माणसे तपासून मगच आत घेतात. मेटाइन्फोत आणि डेस्कटॉप फाइलीत मराठीतले नाव वेगळे देता येते, त्यामुळे मेनूत देवनागरीत दिसेल. फाइलींची खरी नावे मात्र रोमन आणि बिनजागेची ठेवा, स्क्रिप्टना तेच सुखाचे. ओळखनाव आतापासून ठरवून टाका.

निळावंती

दुसरीचे मी सांगते. झिपच्या मुळाशी एक एसएच स्क्रिप्ट, मेनूत तीच दिसते. शेजारी गेमच्या नावाचे फोल्डर, त्यात पीसीके, परवान्यांच्या फाइली, आणि पोर्ट डॉट जेसन, ज्यात नाव, वर्णन आणि कोणते रनटाइम लागते ते असते. स्क्रिप्ट आधी पोर्टमास्टरची कंट्रोल फाइल वाचते, मग तो कॉन्फचा पत्ता लावते, रनटाइम माउंट करते, जीपीटोकेवायबी सुरू करते आणि मग गेम. जीपीटोकेवायबी बटणांना कीबोर्डच्या कळा बनवते. तुमच्या गेममध्ये बाणांच्या कळा आणि एंटर चालत असेल तर तिची नेमणूक चार-सहा ओळींत होते.

झिपमध्ये कॉन्फ फोल्डर घालू नका. मुले नवी झिप जुन्यावर उलगडतील तेव्हा तुमचे रिकामे कॉन्फ त्यांच्या गुणांवर बसायला नको.

जुना_पँडोरावाला

आणि खारुताई, पहिली आवृत्ती देताना सेव्हच्या फाइलीत आवृत्तीचा आकडा लिहून ठेवा. पुढे शब्दसूची वाढली, गुण मोजायची पद्धत बदलली, तर जुनी सेव्ह ओळखून नव्या रूपात आणता येईल. पॅकेज कितीही चांगले असले तरी हे काम ते तुमच्यासाठी करणार नाही.

खारुताई

आवृत्तीचा आकडा, उभी रेघ, भाषेची खूण, स्वतःचे युजर फोल्डर, हे चार बदल आधी करते. मग पोर्टमास्टरची झिप, कारण मुले रोज दारात विचारायला येतात. निळावंती, स्क्रिप्ट लिहून झाली की इथेच डकवते, नजर टाकाल का?

निळावंती

नक्की. कोणते फर्मवेअर आहे तेही लिहा, मूओएस की नुली की आणखी काही. पोर्टचे फोल्डर प्रत्येकात वेगळ्या जागी असते, म्हणून स्क्रिप्टमध्ये पत्ता हाताने लिहायचा नाही, कंट्रोल फाइलकडून घ्यायचा.